एक जण आला नाही तर

गुरुवार, ५ फेब्रुवारी

मास्तरांनी आज कपाट सरकवलं आणि त्यामागची भिंत मोकळी केली. बोटभर धूळ, एक वाळलेली पाल आणि जूनमध्ये हरवलेला माझा माउस, एवढा ऐवज निघाला. मग चिकटपट्टीने भिंतीवर तीन रकाने आखले: करायचं, चालू, झालं. म्हणाले, "आजपासून आपली कंपनी अ‍ॅजाइल, म्हणजे चपळ."

कासव म्हणाला, "सर, मीसुद्धा?"

सगळे हसले. तो मात्र खरंच विचारत होता.

ही वही मी दुसऱ्याच कारणासाठी आणली होती. ते कारण खिडकीपाशी बसतं आणि आमच्या प्रोग्राममधल्या चुका काढतं. पण आज डोक्यात दुसरंच घोळतंय, तेव्हा आधी ते.

कंपनी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक खोली. खालून दिवसभर काच घासल्याचा आवाज येतो. मास्तर पूर्वी कॉलेजात शिकवायचे, आता विद्यार्थ्यांना हाताशी धरून सॉफ्टवेअर करतात. आम्ही चौघं. कासव शेवटच्या वर्षाला आहे, दोन बोटांनी टाइप करतो आणि प्रत्येक ओळीनंतर विचार करतो. रेडिओ काम करताना गुणगुणतो आणि गप्प बसायला सांगितलं तर आणखी जोरात गुणगुणतो. टाचणी म्हणजे ती. कुठेही चूक दिसली की टोचते. आणि मी फ्यूज. का, ते सांगायला नको. ते तिघं कॉलेज करून दुपारी येतात. मी कॉलेज सोडून सकाळपासून येतो.

सोडलं त्याची गोष्ट एवढीच, की प्रॅक्टिकलला माझा प्रोग्राम चालत होता, पण वहीत लिहून दिला होता तसा नव्हता. परीक्षक म्हणाले, चालतोय त्याला काय अर्थ आहे. मी वही तिथेच फाडली. घरी येऊन बाबांना सांगितलं, वर्षभरात दाखवतो. त्याला आठ महिने झाले.

दाखवायचं काम हातात आहे. डायलिसिस केंद्राचा तक्ता: आठ खुर्च्या, दिवसाच्या तीन पाळ्या, एक दिवसाआड येणारे पंचेचाळीस पेशंट. कोण कधी कुठल्या खुर्चीवर बसणार, हे तिथल्या मोठ्या सिस्टर पेन्सिलीने ठरवतात. त्या मार्चअखेर निवृत्त होतायत आणि तो तक्ता दुसऱ्या कोणालाच जमत नाही. आमचा प्रोग्राम दोन मार्चला तिथे सुरू व्हायचाय. चालला तर त्यांच्या बाकीच्या केंद्रांचं काम मिळेल आणि मास्तर एका माणसाला कायम करतील. एकालाच. खुर्ची-वाटपाचा अख्खा कोड मी एकट्याने लिहिलाय.

आणि आता मास्तर म्हणतात, दोघांनी एका मशीनवर बसायचं, जोडी रोज बदलायची, कोणाचाही कोड कोणीही बदलू शकतो. "परीक्षा आली की माणसं जातात," म्हणाले, "आणि जाताना डोकं बरोबर नेतात."

पण मी कुठे जाणार आहे? मला कसली परीक्षा?


शुक्रवार, ६ फेब्रुवारी

उभी बैठक. दुपारी दीडला सगळ्यांनी भिंतीसमोर उभं राहायचं आणि काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढंच सांगायचं. उभं का, तर बसलं की माणूस लांबण लावतो. रेडिओने उभ्यानेही लावली.

जोड्या ठरवायला मास्तरांनी चिठ्ठ्या केल्या. कासवाने त्या उलगडायला इतका वेळ घेतला की मी म्हणालो, याचा प्रोग्राम लिहून टाकतो. वीस मिनिटांत लिहिला. रोज दीड वाजता पडद्यावर दोन जोड्या येतात.

आता खरं लिहितो. चार माणसांच्या जोड्या तीनच प्रकारे पडू शकतात. म्हणजे टाचणी मला तीन दिवसांतून एकदा मिळणार. हे मला फार कमी वाटलं. म्हणून एका वेगळ्या फाईलमध्ये मी एक आकडा ठेवलाय: आमच्या जोडीच्या किती चिठ्ठ्या टाकायच्या, तो. एक ठेवला तर निव्वळ नशीब. तीन ठेवला तर पाच दिवसांतले तीन दिवस टाचणी आणि मी. मी तीन ठेवला.

ही लबाडी नाही. बघू या तर काय होतं, एवढंच.


मंगळवार, १० फेब्रुवारी

कालही ती, आजही ती. आकडा काम करतोय.

दोघांनी एका मशीनवर बसणं हा विचित्र प्रकार आहे. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने बघायचं आणि बोलायचं. मला वाटलं होतं, बघणाऱ्याला झोप येईल. पण ती बघत असली की मला माझाच कोड वेगळा दिसतो, पाहुणे येणार म्हटल्यावर घर दिसतं तसा. एका ठिकाणी तिने विचारलं, "हे 'क्ष२नवा' म्हणजे काय?"

मी म्हणालो, "पेशंटचा हात."

"मग 'हात' का नाही लिहिलंस?"

"मला माहीत आहे ना."

"तुला दर वेळी आठवतं, तू काय लिहिलंयस ते?"

तिला माझी काळजी आहे, हे उघड आहे.

आज सिस्टर आल्या होत्या. गिऱ्हाईक खोलीत हवं, असाही नव्या पद्धतीचा एक नियम आहे, म्हणून त्या आता मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर येऊन बसतात. पांढरे बूट, खिशात पेन्सिल. आम्ही तक्ता दाखवला. त्यांनी दोन सेकंदांत एका नावावर पेन्सिल ठेवली.

"यांचा सुईचा हात डावा. मशीन डाव्या बाजूला लागतं. ही खुर्ची चालायची नाही."

मी दुरुस्त केलं. मग दुसरं नाव. "यांना कावीळ होऊन गेलीय, यांचं मशीन वेगळंच." मग तिसरं. "आणि हे दोघे शेजारी नकोत."

"का?"

"साडू आहेत. बोलत नाहीत एकमेकांशी."

मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "सिस्टर, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस का?"

टाचणीने प्रत्येकाचं एक कार्ड लिहून भिंतीवर लावलं. साडवांचंसुद्धा.


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आठवड्याचा हिशेब: सोमवार ती, मंगळवार ती, बुधवार रेडिओ, गुरुवार ती, आज कासव. पाचातले तीन. माझं गणित इतकं अचूक कधी परीक्षेतसुद्धा आलं नव्हतं.

आधी टेस्ट लिहायची आणि मग कोड, हेही शिकतोय. म्हणजे उत्तर काय यायला हवं ते आधी लिहायचं, ते चुकतंय हे लाल अक्षरांत बघायचं, मग ते हिरवं होईपर्यंत कोड लिहायचा. पहिल्यांदा मूर्खपणा वाटला. आता लाल दिसलं की हात शिवशिवतात.


सोमवार, १६ फेब्रुवारी

पुन्हा ती.

उभ्या बैठकीत ती आज बराच वेळ बोलली. कानातलं नवीन आहे, निळं, बोलताना हलतं. बाकीचे माना हलवत होते, मीही हलवली.

नंतर तिने स्वतःच्या हाताने एक कार्ड लिहून 'करायचं'मध्ये टोचलं. तिचं अक्षर म्हणजे काय सांगू. त्यातला 'जो' तर असा, की काना आणि मात्रा एका झोक्यात. मी जाता-येता त्या 'जो'कडे बघत होतो. मास्तरांनी विचारलं, "पटतंय ना तुला?" मी म्हणालो, "फारच सुंदर आहे." ते जरा थांबले आणि म्हणाले, "वा. मला वाटलं होतं, तू भांडशील."

माझ्याबद्दल लोकांचे काय काय समज आहेत.


बुधवार, १८ फेब्रुवारी

काल कासव. आज कासव.

हे होऊ शकतं. नशीब म्हटलं की लागोपाठ दोनदा काहीही येतं. तरी आकडा पाच केला.

कासवाबरोबर बसणं म्हणजे काय, हे मी शब्दांत मांडू शकत नाही. तो कीबोर्डवर बोट ठेवतो. मग उचलतो. मग म्हणतो, "एक मिनिट." आणि खरंच एक मिनिट घेतो. आज मी त्याला खुर्ची-वाटपाचा पहिला भाग समजावत होतो. समजावता समजावता मला त्यात दोन चुका सापडल्या. त्याने काहीच केलं नव्हतं, नुसतं "म्हणजे?" विचारलं होतं.


शनिवार, २१ फेब्रुवारी

गुरुवारी रेडिओ, शुक्रवारी कासव. आकडा दहा.

दहा म्हणजे बारा दिवसांतले दहा दिवस टाचणी यायला हवी. चार दिवसांत एकदाही नाही. मी कागदावर तीनदा गणित केलं. गणित बरोबर आहे. प्रोग्राम उघडून बघायचं मनात आलं, पण तो मी लिहिलाय, वीस ओळींचा, त्यात काय बघायचं. काहीतरी वेगळंच चाललंय. मला रागापेक्षा नवल जास्त वाटतंय, हे माझ्या बाबतीत नवीन आहे.

बाबांना नव्या पद्धतीबद्दल सांगितलं. ते लिफ्ट दुरुस्त करतात. मला वाटलं, दोघं एका कामावर म्हटल्यावर हसतील. ते म्हणाले, "मग? आम्ही एकट्याने लिफ्टच्या खड्ड्यात उतरतच नाही. एक खाली, एक वर."

"वरचा काय करतो?"

"बघतो."

"नुसता?"

"खालच्याला खालचंच दिसतं." मग जेवता जेवता म्हणाले, "तुझ्यावर कोण बघतं?"

मी म्हणालो, सध्या कासव. आईला ठसका लागला.


मंगळवार, २४ फेब्रुवारी

आकडा पन्नास. काल रेडिओ, आज कासव.

ती पलीकडच्या टेबलावर रेडिओबरोबर बसते आणि तो गुणगुणला तरी तिला चालतं. मी गुणगुणलो असतो तर.

खुर्ची-वाटप आता रेडिओलाही बरंचसं कळलंय. आज सिस्टरांच्या एका प्रश्नाला उत्तर मी द्यायच्या आत त्यानेच दिलं. बरोबर दिलं. एका माणसाला कायम करणार आहेत, हे रेडिओला माहीत आहे का? पण तो तर पुढच्या वर्षापर्यंत कॉलेजात आहे.

कासवाने आज एक भलताच प्रश्न विचारला. "एक जण आला नाही तर बाकीचे का हलतात?"

मी समजावलं. एक पेशंट आला नाही की माझा प्रोग्राम उरलेल्यांची नव्याने मांडणी करतो. सगळे नियम पाळून, सगळ्यात चांगली. हीच त्यातली गंमत आहे. हा भाग लिहायला मला अकरा दिवस लागले.

"हो, पण ते का हलतात?"

"कारण आणखी चांगली मांडणी शक्य असते."

"एक मिनिट," तो म्हणाला.

मला एक मिनिट नव्हतं. सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या. मी पुढे गेलो.


शुक्रवार, २७ फेब्रुवारी

आजचं अक्षर वाचता आलं तर वाचेन पुढे कधीतरी.

शुक्रवारी शेवटच्या तासाला मागे वळून बघायचं असतं, काय जमलं, काय नाही. मास्तरांनी विचारलं, काय जमलं? रेडिओ म्हणाला, "जोड्यांचा प्रोग्राम बदलला ते झकास झालं. मला आता खुर्ची-वाटप येतं."

मी म्हणालो, "कोणी बदलला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मास्तरांनी भिंतीवरच्या 'झालं' रकान्यावर बोट ठेवलं. तिचं कार्ड. 'जोड्या: ज्या कामात ज्याला कमी माहीत, त्याला माहीत असणाऱ्याबरोबर आधी बसवायचं.' तो 'जो' मला पाठ होता. त्याच्या पुढचं मी आज पहिल्यांदा वाचलं.

खुर्ची-वाटपावर माझ्याबरोबर सगळ्यात जास्त कोण बसलं होतं? ती. कोणामुळे? माझ्यामुळे. म्हणून नव्या नियमात ती सगळ्यात शेवटी.

मी उठलो. "माझ्या कोडला हात लावायला तुला कोणी सांगितलं?"

"विचारलं होतं," टाचणी म्हणाली. "सोळा तारखेला, सगळ्यांसमोर. तू मान हलवलीस."

"मी ऐकलं नव्हतं."

"ते दिसत होतं."

इथे थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, "आणि माझा आकडा कुठे गेला?"

मास्तर म्हणाले, "कुठला आकडा?"

रेडिओने फाईल उघडली आणि त्याला जे वाचता आलं ते त्याने वाचलं. "फ्यूज, टाचणी. पन्नास." मग खालची यादी. कधी किती केला, ते तारखेसकट तिथे राहतं. तीन, पाच, दहा, पन्नास. त्याचं गुणगुणणं बंद झालं होतं.

टाचणी म्हणाली, "मला माहीत होतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं. तो आकडा प्रोग्राम आता वाचतच नाही, म्हटलं राहू दे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू का नाही विचारलंस? एवढ्या गणितापेक्षा विचारायचंस ना सरळ."

आणि मी, सगळ्यांसमोर, मूर्खासारखं विचारलं. "विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"नाही म्हणाले असते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पण एका मिनिटात संपलं असतं. पंधरा दिवस तू माझं नीट ऐकलंसुद्धा नाहीस, फ्यूज. मी साडवांच्या नियमात चूक काढली, तू म्हणालास, छान."

मी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. म्हणालो, सोमवारी बघा आता खुर्ची-वाटप कोणाला येतं ते. जिना उतरलो. चष्मेवाल्याने मान वर करून बघितलं, म्हणजे आवाज खालपर्यंत गेला होता.


रविवार, १ मार्च

बाबांनी विचारलं नाही. मीच सांगितलं. आकड्याचंही सांगितलं, आई आत असताना.

ते बराच वेळ स्क्रू ड्रायव्हरची मूठ पुसत होते. मग म्हणाले, "पन्नास जरा जास्त झाले."

"बाबा."

"कॉलेज सोडलंस तेव्हाही असाच सगळं टाकून आला होतास. तेव्हा काही बोललो नाही. तुझं बरोबर असेलही, मला त्यातलं कळत नाही." मूठ पुसून झाली होती, तरी पुसत राहिले. "पण उद्या ती आठ माणसं तिथे बसणार. त्यांनी तुझं काय केलंय?"

मी म्हणालो, फोन आला तर जाईन.


सोमवार, २ मार्च

सात वाजता पहिली पाळी. फोन नाही.

बारा. फोन नाही. आवाज वाढवून ठेवला, चार्जरला लावला.

साडेपाच. आईने विचारलं, "कोणाचा यायचाय?"

सगळं ठप्प झालं असणार. मला फोन करायला लाज वाटत असणार त्यांना. मी आधी काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय. पहिल्या मिनिटाला काही बोलायचंच नाही.


मंगळवार, ३ मार्च

कासव घरी आला. सायकलवरून, माझा माउस घेऊन. मी तो विसरलो होतो. आईने त्याला चहा दिला. अर्धा कप तो फुंकून फुंकून प्यायला आणि मला विचारायचं नव्हतं.

शेवटी मीच विचारलं. "बंद पडलं ना?"

"नाही. चाललं." घोट. "दुसऱ्या पाळीत एक शिंपी येतात, ते आले नाहीत. त्यांना ताप होता. प्रोग्रामने सात जणांना हलवलं."

"हो, मग? आणखी चांगली मांडणी..."

"चौघांना सुया लावून झाल्या होत्या."

माझ्या हातात माउस होता. त्याची वायर मी बोटाला गुंडाळत होतो.

"सिस्टर पडद्याकडे बघत होत्या," कासव म्हणाला. "म्हणाल्या, एक आला नाही म्हणून सगळ्यांना उठवायचं? आणि खिशातून पेन्सिल काढली. मग मी आणि रेडिओ तिथेच बसलो, त्यांच्या टेबलावर. आधी टेस्ट लिहिली: एक जण आला नाही तर बाकीचे जागेवर. लाल. मग तो भाग काढला."

"कुठला?"

"अकरा दिवसांचा."

"किती वेळ लागला?"

"चाळीस मिनिटं. मी होतो म्हणून. रेडिओ एकटा असता तर वीस." त्याने कप खाली ठेवला. "कुठे काय आहे ते माहीत होतं. तूच समजावलं होतंस."

"तू विचारलं होतंस मला. गेल्या मंगळवारी."

"हो."

"मग जोरात का नाही विचारलंस?"

त्याने यावर खरंच विचार केला. "मला तेव्हा नक्की माहीत नव्हतं," तो म्हणाला. "नुसतं विचित्र वाटलं होतं."


बुधवार, ४ मार्च

आज केंद्रात गेलो. कोणी बोलावलं नव्हतं.

पंचेचाळीस पेशंटची नावं, वार, हात, सगळं मला तोंडपाठ आहे. पण तिथे आधी एकदाही गेलो नव्हतो. आत जाऊ देत नाहीत, काचेच्या दारातून दिसतं. आठ खुर्च्या, चार इकडे, चार तिकडे. माझ्या पडद्यावर त्या चौकोन होत्या. प्रत्यक्षात त्या आडव्या होतात, त्यांना पायासाठी फळी आहे, एकीवर घरून आणलेली उशी होती. एक बाई विणत होती एका हाताने, सुई असलेला हात न हलवता. ते कसं जमतं, हे बघत मी कितीतरी वेळ उभा होतो.

सहा नंबरची खुर्ची रिकामी होती. कोणी हललं नव्हतं.

सिस्टर बाहेर आल्या. "तू तोच ना, सगळ्यांना उठवणारा?"

मी हो म्हणालो. आणखी काय म्हणणार.

"ये. हात धू आणि इथे उभा राहा, याच्या पुढे नाही." दाराच्या आत दोन पावलं. "ती विणतेय ना, ती आणि शेजारची, दोघी एकाच महिन्यात आल्या. सहा वर्षं झाली. एकीला सुई टोचताना दुसरी बोलत राहते. चार तास बसायचं असतं बाबा. शेजारी कोण आहे, त्यावर ते चार तास ठरतात."

"हे तुम्ही सांगितलं नव्हतं," मी म्हणालो आणि लगेच म्हणालो, "मी विचारलं नव्हतं."

मग विचारत सुटलो. पंखा कोणाच्या डोक्यावर नको? नवीन माणूस पहिल्या दिवशी कुठे? कोणाला लवकर सोडावं लागतं? साडू भेटले तर काय करतात? त्या हातमोजे घालत, काढत उत्तरं देत होत्या. या वहीची मागची पाच पानं भरली. एकदा म्हणाल्या, "एवढे प्रश्न मला डॉक्टरांनी विचारले नाहीत."

रेडिओचं आणि कासवाचं नाव त्यांना माहीत होतं. खरं नाव. मी आठ महिने त्यांच्याबरोबर काम करतोय आणि मला आठवायला जरा वेळ लागला.


गुरुवार, ५ मार्च

दीड वाजता गेलो. किल्ली नव्हती, दार वाजवलं. उघडायला नेमकी टाचणीच.

मी म्हणालो, "शुक्रवारी जे बोललो त्याची माफी. आणि आकड्याची."

"बरं," ती म्हणाली. "आत ये, बैठक सुरू होतेय." मग आत जाता जाता, "पन्नासने फारसा फरक पडत नाही, ते तुला कळलं का? दहाच्या पुढे सगळं जवळपास सारखंच."

"बारात दहा, बावन्नात पन्नास."

"तेच."

छातीत अजून तसंच होतं तिच्याकडे बघितलं की. ते काही शुक्रवारी संपलं नाही. कधी संपतं, कोणाला विचारायचं, माहीत नाही.

बैठकीत माझी पाळी आली. म्हणालो, काल मी काही लिहिलं नाही, केंद्रात उभा होतो. आणि पाच पानं वाचून दाखवली. मास्तरांनी आठ कार्डं लिहायला लावली.

नंतर त्यांनी मला जिन्यात बोलावलं. मी तयारीत होतो. म्हणालो, "सर, ती कायमची जागा... मी समजू शकतो."

"काय समजलास?"

"सोमवारी मी नव्हतो आणि काम थांबलं नाही. म्हणजे माझी गरज नाही."

ते कठड्याला टेकले. "हे बघ, ज्याच्यावाचून काम थांबतं, अशा माणसाला मी कायम करू शकत नव्हतो. तो शुक्रवारी किल्ली ठेवून गेला तर मी काय करू? पंधरा दिवस माझी झोप उडाली होती. सोमवारी पहिल्यांदा नीट झोपलो." खालची काच घासणं थांबायची वाट बघितली आणि म्हणाले, "जागा तुझी आहे. किल्ली मात्र आता चौघांकडे राहील. आणि पुन्हा असा गेलास तर दार उघडायला कोणी येणार नाही."

हे कौतुक होतं की अपमान, विचारायला हवं होतं. मी नुसतं बरं म्हणालो. बाबांना अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी सांगेन.

पडद्यावर जोडी आली: कासव आणि फ्यूज. खुर्ची-वाटपाच्या नव्या भागात आता सगळ्यात कमी मला माहीत आहे.

कोड वाचायला बसलो. बाराशे ओळींच्या सातशे झाल्यात. जिथे माझा 'क्ष२नवा' होता तिथे 'हात' लिहिलंय. मला राग येईल असं वाटलं होतं. पण एक ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो.

"ही का?" मी विचारलं.

"कुठली?"

"वीस मिनिटं होऊन गेली की खुर्ची रिकामी धरता. आणि मग माणूस उशिरा आला तर?"

कासवाने बोट उचललं. "एक मिनिट," तो म्हणाला. मी थांबलो. एक मिनिट झालं. दोन झाली. "ते आम्हाला सुचलंच नाही," तो म्हणाला. "सिस्टर उद्या येतील."

उद्यापर्यंत कोण थांबतंय. मी फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

"उशिरा येणारे?" सिस्टर म्हणाल्या. "आहेत ना. सहा नंबरचे कंडक्टर. त्यांची फेरी उशिरा सुटते. मी खुर्ची ठेवते त्यांची."

"किती वेळ?"

"येईपर्यंत."

"आणि आलेच नाहीत तर? तोवर दुसरा कोणी दारात असेल तर?"

तिकडे मशीनची टिकटिक ऐकू येत होती.

"तीस वर्षं हे मी तोंड बघून ठरवते," त्या म्हणाल्या. "कशावरून ठरवते, ते मलाच सांगता येत नाहीये. थांब हं."

कागद ओढल्याचा आवाज आला. कासव फोनवर वाकला, मीही वाकलो.

"विचार," सिस्टर म्हणाल्या. "एकेक विचार."